पथ्याचा दुसरा कागद

तोंगशी या खाडीकाठच्या गावी देवळासमोर कालवांची पोळी विकणाऱ्या बाईचं नाव बोंगछी. त्या नावाचा अर्थ, ‘आलीच आहे तर घाला खायला’. चौथी मुलगी झाली म्हणून आजोबांनी ते ठेवलं होतं. गावात त्याच नावाच्या आणखी तिघी होत्या, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही, आणि तिलाही वाटायचं नाही.

बाप खाडीत कालवं वाढवायचा, आई ती फोडायची. अख्खी कालवं व्यापारी न्यायचा, सुरी लागून फाटलेली घरी यायची. संध्याकाळी तव्यावर डुकराची चरबी वितळायची, तिच्यात कालवं पडायची, वरून रताळ्याच्या पिठाचं पाणी, त्यावर अंडं, मूठभर पाला. आई पोळी उलथन्याने कापायची. मधला भाग, जिथे अंडं आणि कालवं असायची, तो बाप आणि दोन भाऊ यांच्या वाडग्यात. कडेचा चिकट, काचेसारखा पापुद्रा मुलींना. बोंगछी सहा वर्षांची असेल तेव्हाच तिला समजलं होतं की पोळी सगळ्यांना मिळते, पण जेवण मधल्या भागातच असतं. एकदा तिने धाकट्या भावाच्या वाडग्यातलं एक कालव उचललं. आईने तापलेलं उलथनं तिच्या बोटांवर ठेवलं आणि उरलेली पोळी वाढली. आई दुष्ट होती असं नाही. अंडं एकच होतं.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न थिएनलायशी झालं. दिसायला देखणा, बोलायला गोड. बांबूच्या तराफ्यावर उभा राहून गाणी म्हणायचा तेव्हा कालवं फोडणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायच्या. पहिली मुलगी झाली, पीश्या. सासूने सहा दिवस बाळंतिणीला अंडी दिली आणि सातव्या दिवशी बंद केली. दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली तेव्हा एकही दिलं नाही. भात आणि मुळ्याचं पाणी. दीड महिन्यात बोंगछीचं दूध आटलं.

दुकानात दुधाच्या भुकटीचे डबे होते. तिने नवऱ्याला विचारलं.

“दुसऱ्याच्या घरी जायची ती,” थिएनलाय म्हणाला. “तिच्या अंगावर मांस चढवून मी कुणाला देऊ?”

“जगायला तरी पाहिजे ना.”

“पेजेवर जगतात मुली. तू नाही का जगलीस?”

असं म्हणून तो जेवायला बसला. समुद्रावर राबणाऱ्या माणसाला ताकद लागते, म्हणून सासूने त्याच्या पोळीत दोन अंडी घातली होती.

बाळाला रताळ्याच्या पिठाची पेज पाजली जाऊ लागली. चौथ्या महिन्यात ती गोल गरगरीत दिसायला लागली. शेजारणी म्हणाल्या, बाळसं धरलंय हो. पण पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो लवकर भरून यायचा नाही. पाचव्या महिन्यात ती गेली. नाव ठेवायचं राहिलं होतं. सासूने तिला चटईत गुंडाळून बांधाच्या पलीकडे पुरायला लावलं आणि त्या दुपारी बोंगछी नेहमीप्रमाणे कालवं फोडायला गेली.

पुढे आठ वर्षांनी थिएनलाय काओश्युंग शहरातल्या एका गाण्याच्या बारवालीबरोबर निघून गेला. पीश्या तेव्हा दहा वर्षांची होती. सासू त्याच हिवाळ्यात वारली. बोंगछीने देवळासमोर एक तवा मांडला आणि तीस वर्षं हलवला नाही. तिच्या पोळीत कालवं मोजून आठ असायची. पीठ कमी, अंडं मोठं. लोक लांबून यायचे. ती स्वतः उभ्याउभ्या जेवायची, आणि पहिली कित्येक वर्षं एक अख्खं अंडं रोज खायची. चवीसाठी नाही. खाता येतं म्हणून.

थिएनलाय परत आला तो टॅक्सीने. त्या बारवालीच्या मुलाने त्याला बसवून दिलं होतं. सोबत एक पिशवी आणि औषधांचं पुडकं. साखरेच्या आजाराने डोळे गेल्यातच जमा होते, मूत्रपिंडं शेवटच्या घटकेला आली होती. तो खांब चाचपत तव्यापर्यंत आला.

“ओळखलंस का मला?”

“आवाज ओळखला,” बोंगछी म्हणाली. “बाकी ओळखण्यासारखं काही उरलेलं दिसत नाही.”

गिऱ्हाइकं हसली. तोही हसला. त्याला वाटलं, जमलं.

पीश्या तोवर काओश्युंगमध्ये संसाराला लागली होती. ती फोनवर म्हणाली, “आई, ठेवून घे त्यांना. कुठे जातील? कागदोपत्री अजून तुझाच नवरा आहे.”

“कागदोपत्री आहे खरा,” बोंगछी म्हणाली, आणि तिने त्याला मागच्या खोलीत खाट दिली. तरुणपणी ती त्याला अरे-तुरे करायची. आता ती त्याला अहो-जाहो करू लागली.

इस्पितळात को बाई म्हणून पथ्य सांगणारी एक तरुण मुलगी होती. तिच्या टेबलावर प्लास्टिकची अंडी, प्लास्टिकचे मासे, प्लास्टिकची कालवं मांडलेली असत. बोंगछी काय विकते हे कळल्यावर ती खुलली.

“मावशी, तुमची एक प्लेट म्हणजे बघा,” तिने एकेक जिन्नस पुढे सरकवला. “अंड्यात सात ग्रॅम प्रथिनं. आठ कालवांत सहा-एक. शिवाय कालवात लोह आहे, जस्त आहे. पीठ आणि चरबी नुसती पोट भरतात, ताकद देत नाहीत. आणि पोळीवर वरून ओतता तो लाल रस म्हणजे मीठ न् साखर. खरी दौलत म्हणाल तर अंडं आणि कालव.”

“हे मला माहीत आहे,” बोंगछी म्हणाली.

“पण काकांना हीच दौलत सध्या विष आहे. प्रथिनांचा कचरा मूत्रपिंडाला उपसावा लागतो, आणि त्यांची उपसत नाहीत. दिवसाला अर्धं अंडं, बस. मांस नाही, कालवं नाही. पोट भरायला पिठाचे पदार्थ द्या. रताळ्याच्या पिठाची खीर, पीठ घालून पोळी, असलं.”

तिने सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. बोंगछीने तो प्लास्टिकमध्ये घालून तव्यामागच्या भिंतीवर चिकटवला. येणारा-जाणारा वाचायचा. थिएनलायला कुणी लाडाने काही देऊ लागलं की दुसरा अडवायचा, “अरे नको, कागद बघ. त्याची किडनी गेलीय.” लोक म्हणायचे, बाई देवमाणूस आहे. एवढं करून गेलेल्याचं पथ्य कोण सांभाळतं?

चार महिन्यांनी डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा इस्पितळाची गाडी त्याला न्यायची. पहिल्याच आठवड्यात को बाईने बोंगछीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि नवा कागद हातात ठेवला.

“मावशी, आता सगळं उलटं. मागचा कागद फाडून टाका. मशीन रक्त धुतं ना, त्यात प्रथिनंही वाहून जातात. आता त्यांना भरपूर द्यायचं. दोन अंडी, मासा, कोंबडी. कालवंही चालतील, सहा-सात. भाजी उकळून पाणी टाकून द्या. लाल रस तेवढा नको.”

“म्हणजे माझी पोळी चालेल?”

“चालेल कशाला, औषध आहे त्यांना.”

बोंगछीने कागदाची घडी घातली. “आणि नाही खाल्लं तर?”

“अंग झडतं. पाय सुजतात. मग साधा ताप आला तरी माणूस उठत नाही.”

“किती दिवसांत?”

को बाईला वाटलं, घाबरली बिचारी. तिने तिचा हात धरला. “दिवसांत नाही हो. महिने लागतात. आणि तुम्ही आहात ना त्यांच्याजवळ.”

“मी आहे,” बोंगछी म्हणाली.

घरी आल्यावर तिने दुसरा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला. भिंतीवरचा पहिला तसाच राहिला.

को बाईने खाण्याची वही ठेवायला सांगितली होती. बोंगछीने ठेवली. सोमवार, दोन अंडी, सात कालवं, अर्धा मासा. मंगळवार, दोन अंडी, कोंबडीचा तुकडा. वहीत लिहिलेलं सगळं त्या घरात रोज खरंच शिजायचं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती थिएनलायला मागच्या टेबलाशी बसवायची, त्याच्यापुढे पिठाची पोळी आणि अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग ठेवायची, आणि वहीतलं जेवण समोर बसून स्वतः जेवायची.

त्याचे डोळे गेले होते, नाक गेलं नव्हतं.

“दोन अंडी फोडलीस,” तो म्हणाला.

“हो.”

“कुणासाठी?”

“तुमच्याच नावाची आहेत.”

“मग दे की.”

“कागद वाचून दाखवू का?”

“कागद गेला खड्ड्यात. एक कालव दे. एकच. तुझ्या पाया पडतो.”

“जेवताना पाया पडू नये,” ती म्हणाली. “उठायला त्रास होतो तुम्हाला.”

तो इस्पितळात तक्रार करायचा. ही मला उपाशी मारते, नुसतं पीठ चारते, शेजारी बसून माझंच खाते. नर्सा हसायच्या. सगळेच म्हातारे असं म्हणायचे. शिवाय तो आधी खूप खोटं बोलला होता. साखर खाऊन नाही म्हणाला होता, पाणी पिऊन नाही म्हणाला होता. को बाई वही चाळायची आणि म्हणायची, “काका, माझ्या आजोबांना कुणी एवढं केलं असतं तर ते अजून जिवंत असते.” सगळा जन्म त्याने लोकांना गोड बोलून फसवलं, आणि आता खरं सांगत होता तर घेणारा कुणी नव्हता.

रक्ताचे आकडे घसरत होते. को बाई बुचकळ्यात पडली. पचत नसेल, ती म्हणाली, आणि वहीत तिसरं अंडं वाढवलं. बोंगछी जाड झाली.

हिवाळ्यात त्याचे पाय सुजले. दंड काड्यांसारखे आणि पाय खांबासारखे. रोज सकाळी ती त्याच्या नडगीवर अंगठा दाबायची आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघायची.

“काय बघतेस रोज?” त्याने विचारलं.

“सूज.”

“डॉक्टरांना सांग की.”

“सांगते.” ती खड्डा भरून यायची वाट बघत राहिली. मग म्हणाली, “धाकटीचं नाव काय ठेवायचं होतं तुमच्या मनात?”

“कुणाची धाकटी?”

“आपली.”

तो विचार करत राहिला. खरंच करत होता, कपाळाला आठ्या घालून. “आपल्याला पीश्याच ना फक्त?”

बोंगछीने त्याच्या पायावर पांघरूण टाकलं आणि तवा पेटवायला गेली. तोवर ती अधूनमधून त्याला पोळीचा मधला तुकडा द्यायची, दोन आठवड्यांतून एकदा, का ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून तेही थांबलं.

एप्रिलमध्ये कबरी साफ करायच्या सणाला पीश्या आली. बापाला तिने आठ महिन्यांनी पाहिलं. आईला मदत करायला म्हणून तव्याशी उभी राहिली. पीठ संपलं तसा तिने डबा उचलला. खालचा कागद तिने वाचला, तारीख वाचली, मग भिंतीवरचा कागद वाचला. समोर गिऱ्हाइकं होती. तिने पीठ कालवलं, बारा प्लेटा वाढल्या, आणि दुपारी दार ओढून घेतलं.

“आई, तू मारते आहेस त्यांना.”

“हो.”

ती नाही म्हणेल अशी पीश्याची तयारी होती. बोंगछीनेच सांगितलं, धाकटीचं. दुधाचा डबा, दोन अंडी, पायावरचे खड्डे. पीश्या तेव्हा दोन वर्षांची होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. शेवटी म्हणाली, “वाईट झालं. पण मला तुझ्यासारखं नाही व्हायचं.”

“नको होऊस. त्याला मात्र इथेच ठेव. थोडेच दिवस आहेत.”

“म्हणूनच नेते.”

“पीश्या, ऐक माझं. तो तुला खाईल.”

“तू आता मला शिकवू नकोस कुणाला काय खाऊ घालायचं ते.”

तिने दोन अंडी आणि दहा कालवं घालून पोळी केली आणि बापाला भरवली. तो रडत रडत खात होता. खाऊन झाल्यावर तोंड पुसून म्हणाला, “मीठ कमी पडलं.”

दुसऱ्या दिवशी पीश्या त्याला काओश्युंगला घेऊन गेली. जाताना तिने भिंतीवरचा कागद काढला. तिथे पांढरा चौकोन राहिला आणि गिऱ्हाइकं विचारायची, कागद कुठे गेला? बोंगछी सांगायची, लेकीकडे. ती पोलिसांची वाट बघत होती. कुणी आलं नाही. को बाईने फोन केला, तेव्हा तिला एवढंच कळलं की काका मुलीकडे गेले. ती म्हणाली, “आता तरी थोडी विश्रांती घ्या, मावशी.”

थिएनलाय सुधारला. तीन महिन्यांत सूज उतरली, सहा महिन्यांत गालावर मांस आलं. तिथल्या इस्पितळाने आदर्श रुग्ण म्हणून फलकावर त्याचा फोटो लावला.

पीश्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. आठवड्यातून तीनदा तिचा नवरा योंगफा त्याला पाठीवर घेऊन उतरवायचा आणि चढवायचा. पाठीवर बसून म्हातारा त्याला सावकाश चाल म्हणायचा, घामाचा वास येतो म्हणायचा. दुसऱ्या वर्षी योंगफा थोडे दिवस म्हणून भावाकडे राहायला गेला. पीश्याने कारखान्यातली नोकरी सोडली आणि घरी पिशव्या शिवायला घेतल्या. मग बापाला पट्ट्याने पाठीशी बांधून तीच उतरवू-चढवू लागली.

तिने आईला फोन केला. गेल्यापासूनचा पहिला. “कालवं पाठवत जा दर आठवड्याला. इथे फार महाग आहेत.”

बोंगछीने पाठवली. दर गुरुवारी ती सगळ्यांत मोठे शिंपले निवडून फोडायची, बर्फात बांधायची, पेटीत भरून थंड मालाच्या गाडीवर द्यायची. एकही फाटकं कालव तिने त्यात जाऊ दिलं नाही, कारण पेटी पीश्याच्या नावाने जात होती आणि त्यातलं अर्धं तरी तिच्या पोटात जाईल अशी तिला आशा होती. तसं होत नव्हतं, हे तिला चौथ्या वर्षी भेटायला गेल्यावर कळलं. दार उघडणाऱ्या बाईला ती क्षणभर योंगफाची आई समजली. पीश्याचे केस पिकले होते, कमरेत वाक आला होता, पुढचे दोन दात पडले होते.

आतून आवाज आला, “कोण आहे?”

“आई आलीय.”

“कोण, कसाईण? तिला सांग, अजून आहे मी. आणि तुझ्या हाताला तिच्या तव्याची सर नाही, हेही सांग. खून करायची, पण पोळी उत्तम करायची.” आणि तो खदखदून हसला. आवाज पुन्हा तराफ्यावरच्या दिवसांसारखा भरदार झाला होता.

स्वयंपाकघरात बोंगछी हळूच म्हणाली, “मला दे त्याला परत.”

“तुला?” पीश्याने आईकडे पाहिलं. “काय करशील?”

“जे करत होते तेच.”

पीश्या बराच वेळ अंडं हातात धरून उभी होती. मग तिने ते तव्यावर फोडलं. “जा तू,” ती म्हणाली. “पाचची बस चुकेल.”

थिएनलाय त्यानंतरही पावणेदोन वर्षं जगला. एका मंगळवारी मशीनवरच त्याचा रक्तदाब कोसळला आणि दहा मिनिटांत सगळं आटोपलं. जाण्याआधी त्याने नर्सला विचारलं होतं, जेवायला काय आहे.

अंत्यविधीला फार लोक नव्हते. योंगफा आला, दाराशी उभा राहिला, धूप लावून गेला. त्याने भावाच्या गावात दुसरं घर घेतलं होतं. अस्थी थंड व्हायला वेळ लागणार होता, म्हणून मायलेकी दहनगृहाच्या बाहेरच्या खुर्च्यांवर बसल्या. पीश्या सेहेचाळीस वर्षांची होती. तिच्या खांद्यांवर पट्ट्याचे वळ उमटून राहिले होते.

“आई,” ती म्हणाली, “तेव्हा मी एक महिना उशिरा आले असते तर बरं झालं असतं.”

“पंधरा दिवस पुरले असते,” बोंगछी म्हणाली.

पीश्याने मान डोलावली. थोड्या वेळाने आतल्या माणसाने नाव पुकारलं. दोघी उठल्या. पीश्या पुढे झाली, पण अस्थींची पेटी घ्यायला तिचा उजवा हात वर उठेना, म्हणून पेटी बोंगछीने धरली.